विमान डावीकडे का बसतंय

मागच्या एप्रिलची गोष्ट. आमच्या हँगरमधलं एक सेसना १७२ एस डावीकडे झुकून उभं राहायला लागलं. एका दिवसात झालं असं नाही, हळूहळू सगळ्यांच्या डोळ्यांत यायला लागलं. आधी एका कॅडेटने, म्हणजे शिकाऊ पायलटने, विचारलं, मग रात्रपाळीच्या वॉचमनने विचारलं की साहेब हे विमान वाकडं उभं का राहतं, आणि शेवटी एका सकाळी टेक लॉगमध्ये रीतसर स्नॅग, म्हणजे बिघाडाची नोंद, आला, लेफ्ट विंग लो ऑन ग्राउंड. मी इथे मेंटेनन्सचा इंजिनिअर, सही माझी, म्हणजे उत्तर शोधायचं ते मलाच. त्या दहा-बारा दिवसांत जे केलं ते नीट लिहून ठेवतोय कारण असा स्नॅग छोट्या विमानांवर काम करणाऱ्या प्रत्येकाकडे कधी ना कधी येतोच आणि बहुतेक वेळा त्याची सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते.

आमच्याकडेही तेच होणार होतं. विमान झुकलंय म्हटल्यावर हँगरमध्ये पहिला शब्द निघाला तो हार्ड लँडिंग. ट्रेनिंगचं विमान आहे, दिवसाला तीसतीस लँडिंग होतात, एखादा कॅडेट जोरात आपटला असेल आणि डाव्या चाकाचा पाय वाकला असेल, पाय मागवून टाकू. दुसरा म्हणाला विंगची रिगिंग, म्हणजे पंख बसवलेला कोन, गेलीय, मागचे बोल्ट ढिले करून सेट करू. दोघेही मेहनती आहेत, हुशार आहेत, पण अजून कोणीच काही मोजलं नव्हतं. किती झुकलंय? कशाच्या तुलनेत झुकलंय? जमीन तरी सपाट आहे का?

मोजायला आम्ही गवंड्याची पाण्याची नळी आणली. शेजारी कंपाउंडचं बांधकाम चालू होतं, त्या मिस्त्रींकडून पंधरा मीटरची पारदर्शक नळी घेतली, पाण्यात थोडा निळा रंग टाकला. लेझर लेव्हल असेल तर उत्तमच, पण ११ मीटर पंखांच्या विमानाला ही नळी मिलिमीटरच्या हिशोबात साथ देते, फक्त नळीत बुडबुडा राहू द्यायचा नाही, एक बुडबुडा राहिला की सगळे आकडे खोटे. सकाळी सहाला मोजलं कारण नंतर वारा सुटतो आणि पंख हलत राहतात. दोन्ही टिपांवर, म्हणजे पंखांच्या टोकांवर, एकच ठराविक रिव्हेट धरला. डावी बाजू ११ सेंटीमीटर खाली.

मग तेच विमान त्याच जागी तोंड फिरवून उभं केलं, चाकांच्या खुणा खडूने आखल्या होत्या त्याच खुणांवर, आणि परत मोजलं. आता डावी बाजू ५ सेंटीमीटर खाली. म्हणजे विमानाचा स्वतःचा झुकाव ८ आणि उरलेले ३ सेंटीमीटर आमच्या फरशीचे! हँगरच्या फरशीला गटाराकडे उतार दिलेला असतो, पाणी जायला, एप्रनला, म्हणजे बाहेर विमानं उभी करायच्या जागेला, तर असतोच, आणि आपण रोज तिथे वावरतो म्हणून तो उतार आपल्याला दिसतच नाही. विमान फिरवून दुसऱ्यांदा मोजणं ही पाच मिनिटांची गोष्ट आहे आणि मी बघितलंय की ती जवळजवळ कोणीच करत नाही.

पुढचा प्रश्न असा की पूर्ण विमान झुकलंय की नुसता पंख. हे दोन वेगळे आजार आहेत. पूर्ण धड झुकलं असेल तर कारण खाली आहे, टायर, चाक, पाय, पाय जिथे बसतो ती जागा. धड सरळ असून एक पंख खाली असेल तर मग प्रकरण गंभीर, कारण १७२ च्या पंखाच्या स्ट्रटला, म्हणजे पंखाला खालून आधार देणाऱ्या तिरक्या दांड्याला, लांबी कमीजास्त करायची सोयच नाही, तिथे फरक दिसला म्हणजे काहीतरी वाकलंय किंवा फिटिंग हललंय. ओळखायला सोपं आहे. विमानाच्या मागे पंधरावीस पावलं जाऊन खाली बसायचं आणि शेपटीची आडवी पट्टी पंखांच्या मागच्या कडेशी समांतर दिसते का ते बघायचं. आकड्यात हवं असेल तर दोन्ही दारांच्या वरच्या चौकटीवर सारख्याच जागी सरळ पट्टी ठेवून तिच्यावर डिजिटल लेव्हल ठेवायची, सेसनाच्या मॅन्युअलमध्ये आडवी लेव्हल बघायला हीच जागा दिलीय. ११ मीटरला ८ सेंटीमीटर म्हणजे साधारण ०.४ अंश. फरशीचा भाग वजा केल्यावर दारावरही ०.४ च आला. धड आणि पंख एकाच कोनात आहेत, पंख जिथे असायला हवेत तिथेच आहेत. इथे माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं कारण हे विमान रोज मुलामुलींना घेऊन वर जातं.

आता हा ८ चा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण १७२ च्या दोन मेन चाकांमधलं अंतर साधारण अडीच मीटर आणि पंखांची लांबी ११ मीटर, म्हणजे चाकापाशी १ सेंटीमीटर फरक पडला की टिपांमध्ये तो सव्वाचार सेंटीमीटर होऊन दिसतो. ८ सेंटीमीटरसाठी चाकांमध्ये जेमतेम २ सेंटीमीटर फरक पुरतो. आणि २ सेंटीमीटर एकाच ठिकाणी शोधायला गेलं तर सापडत नाहीत, ते थोडेथोडे चार ठिकाणी लपलेले असतात.

पहिली जागा फ्युएल. आम्ही दोन्ही टाक्यांत डिपस्टिक घातली तर डावीकडे २२ गॅलन आणि उजवीकडे १४. एका गॅलन अ‍ॅव्हगॅसचं वजन ६ पौंड, म्हणजे डावीकडे ४८ पौंड, जवळपास २२ किलो जास्त. हे झालं कसं तर विमान रोज डावीकडे उतार असलेल्या जागी पार्क व्हायचं आणि कुठल्या टाकीतून फ्युएल घ्यायचं ते ठरवणारा सिलेक्टर 'बोथ'वर राहायचा. १७२ मध्ये सिलेक्टर बोथवर असला की दोन्ही टाक्या एकमेकींना जोडलेल्या राहतात, त्यामुळे रात्रभर वरच्या टाकीतलं फ्युएल हळूहळू खालच्या टाकीत उतरतं, त्या बाजूचं वजन वाढतं, पाय अजून थोडा दबतो, झुकाव वाढतो, झुकाव वाढला की अजून फ्युएल उतरतं. आपणच ते झुकवतोय आणि आपणच विचारतोय का झुकलं. सेसनाचं हँडबुक म्हणतं की पार्क करताना सिलेक्टर लेफ्ट किंवा राइटवर ठेवा, ते याचसाठी. मला हे प्रत्येक कॅडेटच्या मनावर कोरून ठेवावंसं वाटतं, कारण शटडाऊनच्या चेकलिस्टमधली ही ओळ वाचली जाते, तोंडाने बोललीही जाते आणि हात मात्र सिलेक्टरपर्यंत जात नाही.

दोन्ही टाक्या सारख्या केल्या, विमान थोडं पुढेमागे ढकललं, दोन्ही बाजूंनी मोजलं. ८ चे साडेपाच झाले. म्हणजे नुसत्या फ्युएलचे अडीच सेंटीमीटर.

मग टायर. १७२ एसच्या मेन टायरला ४२ पीएसआय लागतात. उजवीकडे बरोबर ४२ होते, डावीकडे ३३. त्यात उजवा टायर महिन्यापूर्वीच नवीन टाकलेला, ब्रेक लॉक होऊन त्याला फ्लॅट स्पॉट पडला होता म्हणून तेवढाच बदलला, आणि डावा जुना, खाचा जवळजवळ संपलेल्या. एका बाजूला नवीन कडक टायर आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला मऊ टायर, अर्धा-पाऊण सेंटीमीटर तर तिथेच गेला. एकच टायर बदलायला बंदी नाही आणि पैसे वाचतात हेही खरं, पण बदलल्यावर दोन्ही बाजूंची उंची बघून नोंद करून ठेवावी. प्रेशरसुद्धा सकाळी थंड टायरचं बघावं, आमच्याकडे एप्रिलच्या दुपारी उन्हात तापलेल्या टायरवर गेज लावून आकडा बरोबर आला म्हणून समाधान मानण्यात अर्थ नाही.

डावा टायर बदलला आणि इथे एक मजेदार गोष्ट झाली. जॅकवरून खाली घेतलं आणि मोजलं तर फरक जवळपास शून्य! पोरं खूश, चला झालं. मी म्हटलं थांबा. सेसनाचा मेन गिअर म्हणजे स्प्रिंग स्टीलचा पाय, त्यात ऑलिओ, म्हणजे हवा आणि तेलाचा शॉक अब्सॉर्बर, नाही, पंप नाही, नुसती पोलादाची लवचिकता. ही कल्पना स्टीव्ह विटमन या अमेरिकन रेसरची, त्याने आपल्या रेसच्या विमानांवर ती वापरली, सेसनाने त्याच्याकडून हक्क घेतले आणि १९४६ च्या सेसना १४० पासून ती वापरायला सुरुवात केली. जुन्या १७२ ला चपटी पट्टी असायची, १९७० नंतरच्या मॉडेलपासून गोल नळीचा पाय आला. मला स्वतःला हा पाय फार आवडतो, इतकी साधी वस्तू आणि इतकी वर्षं शिकाऊ पायलटांचा मार खाते. पण तिचा एक स्वभाव आहे. एका चाकाला जॅक लावून उचललं की पायावरचा भार जातो आणि चाक आतल्या बाजूला सरकतं. खाली घेताना टायरचं रबर फरशीला धरून ठेवतं, त्यामुळे चाक परत बाहेर पसरत नाही, पाय आत आवळलेलाच राहतो आणि ती बाजू उगाच उंच दिसते. आमचं डावं चाक नेमकं तसंच उभं होतं. विमान हँगरबाहेर काढून पाचसहा मीटर पुढेमागे फिरवलं, पाय पसरला आणि खरा आकडा आला, ३ सेंटीमीटर.

या ३ मध्येही टायरची ही घासाघीस किती आणि पायाचा खरा फरक किती, हे कळायला ग्रीसच्या प्लेट लावतात. प्रत्येक मेन चाकाखाली अ‍ॅल्युमिनियमचे दोन पत्रे, मध्ये भरपूर ग्रीस, त्यावर विमान आणायचं आणि टिपा धरून हलकेच डोलवायचं. वरचा पत्रा ग्रीसवर सरकतो, चाकाला हवं तिथे जाता येतं आणि पाय आपल्या खऱ्या जागी बसतो. टो-इन आणि कॅम्बर, म्हणजे चाक आत किती वळलंय आणि उभं किती कललंय, ते मोजायलाही हीच पद्धत आहे. ग्रीसवर बसवल्यावर फरक राहिला दीड सेंटीमीटर, म्हणजे चाकापाशी साडेतीन मिलिमीटर. टो-इन, कॅम्बर दोन्ही मॅन्युअलच्या मर्यादेत. अ‍ॅक्सलच्या शिमला, म्हणजे कोन जुळवायच्या पातळ चकत्यांना, हात लावायची गरज पडली नाही.

हार्ड लँडिंगची शंका एकदा आलीच होती तर ती तपासणीही पूर्ण केली. पाय जिथे बॉडीत शिरतो तिथलं बुशिंग आणि फोर्जिंग, आतला बोल्ट, स्ट्रटची दोन्ही टोकं, पंखाच्या पत्र्यावर सुरकुत्या, इंजिनमागची फायरवॉल वाकली आहे का, कुठल्या रिव्हेटभोवती काळी रेघ ओढली गेलीय का, ती रेघ दिसली की समजायचं रिव्हेट आत हलतोय. काही नाही मिळालं. पायावर मात्र स्टेपजवळ एका जागी रंग उडून गंज दिसायला लागला होता, तो साफ करून, खड्डा पडला नाहीये याची खात्री करून परत रंगवला. स्प्रिंग स्टीलच्या पायावरचा लहानसा गंज मला त्या सगळ्या सेंटीमीटरपेक्षा जास्त घाबरवतो, कारण तडा तिथूनच सुरू होतो. असा पाय कोणी तापवून किंवा ठोकून सरळ करतो म्हणाला तर त्याला हात लावू देऊ नका.

ज्यांच्याकडे पायपर चेरोकी किंवा आर्चर आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तिथे तिन्ही पायांना ऑलिओ आहेत, हवा आणि हायड्रॉलिक ऑइल, त्यामुळे झुकाव दिसला की पहिला संशय ऑलिओवर. मेन ऑलिओ साधारण साडेचार इंच उघडा दिसायला हवा, नोजचा, म्हणजे पुढच्या चाकाचा, सव्वातीन. एक बाजू दबलेली असेल तर लगेच नायट्रोजन भरायला धावू नका, आधी पंख धरून डोलवा, पुष्कळदा सील कोरडं पडून ऑलिओ अडकलेला असतो, स्वच्छ फडक्याला हायड्रॉलिक ऑइल लावून चमकणारा भाग पुसला की मोकळा होतो. परत दबला तर गळती आहे, ऑइल किती आहे ते न बघता नुसता गॅस भरत राहणं म्हणजे पुढच्या लँडिंगला धातूवर धातू आपटवणं. आणि प्रेशर असताना व्हॉल्व्ह उघडायचा नाही, कधीच नाही. सेसना १७२ ला फक्त नोजला ऑलिओ असतो, त्याचं प्रेशर १७२ एसमध्ये ४५ पीएसआय, तेही नाकावर वजन नसताना बघायचं.

तर आमचं विमान जमिनीवर सरळ झालं, स्नॅग क्लोज केला, विमान फ्लाइंगला दिलं. दुसऱ्या दिवशी आमच्या इन्स्ट्रक्टर मॅडम लँड होऊन थेट हँगरमध्ये आल्या.

"सर, तुम्ही नेमकं काय केलंत? परवापर्यंत सरळ जायचं, आज हात सोडला की राइटला जातंय."

मला क्षणभर काही सुचलंच नाही. टायर आणि ग्रीसने हवेतलं उड्डाण बदलत नाही. आम्ही हवेत जाणवेल अशी एकच गोष्ट बदलली होती, फ्युएल सारखं केलं होतं. आणि मग ते डोक्यात बसलं. इतके महिने डावीकडे वीसेक किलो जास्त घेऊन हे विमान सरळ उडत होतं! टाक्या सारख्या असताना सरळ उडणारं विमान असतं तर ते डावीकडे ओढायला हवं होतं, ते ओढत नव्हतं, म्हणजे डावा पंख कुठून तरी जास्त लिफ्ट देत होता.

मॅडमना विनंती केली की पहाटे शांत हवेत परत एक फ्लाइट करू, दोन्ही टाक्या सारख्या, उजव्या सीटवर मी, कारण एकटा पायलट डावीकडे बसला की सत्तर-ऐंशी किलोचा फरक तिथेच पडतो. क्रूझला ट्रिम करून, विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारा बॉल रडरने मधोमध धरून त्यांनी कंट्रोल व्हील सोडलं. हळूहळू पण नक्की, उजवा पंख खाली.

खाली आल्यावर सोप्याकडून अवघडाकडे. फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे खाली येणारे भाग, पूर्ण वर असताना दोन्ही सारखेच वर जातात का, एखादा दोन-तीन मिलिमीटर लोंबतो का, मागची कड धरून हलवून बघितलं. विमान कलवणारे एलेरॉन मधोमध असताना त्यांची कड फ्लॅपच्या कडेशी जुळते का. रडरचा जमिनीवर वाकवून सेट करायचा टॅब कोणी छेडलाय का. सगळं ठीक. मग दोन्ही पंखांचा मुळाजवळचा कोन सारख्याच जागी मोजला आणि तिथे जवळपास पाव अंशाचा फरक निघाला, डावीकडे जास्त.

१७२ च्या पंखाच्या मागच्या स्पारच्या, म्हणजे पंखाच्या आतल्या लांब दांड्याच्या, जोडाला दोन एक्सेंट्रिक बुशिंग असतात, म्हणजे ज्यांचं भोक मधोमध नाही अशी. ती फिरवली की पंखाची मागची कड किंचित वरखाली होते. जो पंख जड लागतो त्याची मागची कड खाली घ्यायची, तेवढ्याने भागलं नाही तर दुसऱ्या पंखाची वर करायची, हे मॅन्युअलमध्ये स्पष्ट आहे. जुन्या लॉगबुकमध्ये शोधलं. विमान आमच्याकडे यायच्या आधी दुसरीकडे एक ओळ लिहिलेली सापडली, लेफ्ट विंग हेवी, विंग रिग्ड. बस एवढंच. फ्युएल किती होतं, कोण कुठे बसलं होतं, किती फिरवलं, काही नाही. माझा अंदाज असा की तेव्हाही डावीकडे फ्युएल जास्त होतं, विमान डावीकडे ओढायचं, आणि कोणीतरी टाकीत डिपस्टिक घालायच्या आधी पंखाला पाना लावला.

डाव्या पंखाच्या मुळाचं फेअरिंग, म्हणजे जोडावरचं झाकण, काढून बघितलं तेव्हा मात्र मला खरंच राग आला. दोन्ही बुशिंग एकाच वेळी, बरोबरीने फिरवायची असतात, वेगवेगळी फिरवली तर दोन्ही भोकं एका रेषेत राहत नाहीत आणि बोल्टवर कातर बसते, फिटिंगही खराब होऊ शकतं, मॅन्युअलमध्ये याची वेगळी सूचना आहे. इथे दोन्हींच्या खाचा एकमेकींशी जुळत नव्हत्या. बोल्ट काढायला जोर लावावा लागला आणि बाहेर आल्यावर त्यावर घासल्याची चकचकीत खूण होती. हा बोल्ट पंख धरून ठेवणाऱ्यांपैकी एक. इतके तास, इतके कॅडेट, आणि तो असा तिरका दाबला जात होता. त्या संध्याकाळी मी हँगरमध्ये बराच वेळ तो बोल्ट हातात घेऊन बसलो होतो.

फिटिंगची भोकं भिंगाखाली तपासली, मोजली, ती सुदैवाने मापात होती. बोल्ट नवीन टाकला, बुशिंग दोन्ही मिळून न्यूट्रलला आणली, टॉर्क केला, एका सीनिअर सहकाऱ्याला बोलावून दुसऱ्या नजरेने तपासून घेतलं आणि लॉगबुकमध्ये अर्धं पान लिहिलं. आधी कुठे होतं, आता कुठे आहे, कोन किती, फ्युएल किती, कोण कुठल्या सीटवर. पुढे ज्याच्या हातात हे विमान जाईल त्याला माझ्यासारखा अंदाज बांधत बसावा लागू नये.

टेस्ट फ्लाइटला पुन्हा मॅडम डावीकडे आणि मी उजवीकडे. धरणावर हवा अगदी तुळतुळीत होती. ट्रिम केलं, बॉल मध्ये, हात सोडले. मी मनात आकडे मोजत होतो. वीसपर्यंत गेलो तरी क्षितिज होतं तिथेच.

लँड झाल्यावर डिप घेतली, डावी टाकी उजवीपेक्षा गॅलनभर कमी. त्यात नवल नाही, १७२ चा व्हेंट, म्हणजे टाकीत हवा घेणारी नळी, डाव्या स्ट्रटच्या मागे असतो, त्या नळीची जागा किंचित इकडेतिकडे झाली तरी डावी टाकी जरा वेगाने रिकामी होते, ती जागा पुढच्या इन्स्पेक्शनला मोजायची म्हणून लिहून ठेवलीय. सिलेक्टर राइटवर ठेवला.

मिस्त्रींची नळी परत द्यायला गेलो तर ते म्हणाले ठेवा साहेब, आमच्याकडे दुसरी आहे. ती आता हँगरच्या भिंतीवर टांगलेली आहे आणि फरशीवरच्या चाकांच्या खुणा आम्ही खडूऐवजी रंगाने पक्क्या केल्यात. उद्या सकाळी दुसरं १७२ त्यावर आणतोय, ते थोडं उजवीकडे बसल्यासारखं दिसतंय.